परदेशातल्या हँगरमध्ये आपलं विमान: पहिल्यांदा नजर ठेवायला जाणाऱ्या पोरांसाठी

विमान परदेशात चेकला पाठवलं म्हणजे आता काळजी त्यांची, आपण फक्त तारीख विचारायची, असं समजून नोकरीला लागलेली पोरं मी बरीच पाहिली आणि त्यातला पहिला मीच होतो. एअरलाइनच्या क्वालिटी आणि कॅमो (विमान उडण्यालायक राहतंय ना हे सांभाळणारं खातं) मध्ये बरीच वर्षं काढली, आता पुण्यात विमाननगरला घरी असतो, डोक्यावरून लोहगावची विमानं जातात आणि सोसायटीतलं कोणाचं ना कोणाचं पोरगं एएमई (विमान मेंटेनन्स इंजिनिअर) होऊन विचारायला येतं की काका, मला सिंगापूरला किंवा जॉर्डनला सी चेकला एअरलाइनचा प्रतिनिधी म्हणून पाठवतायत, तिकडे नक्की करायचं काय. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी थोडं बेसिक. लोहगावला रात्री विमान उभं राहतं तेव्हा होतो तो लाईन मेंटेनन्स, म्हणजे टायर, ब्रेक, तेल, पायलटने लिहिलेली तक्रार, छोटी तपासणी. सीट, फ्लोअर, पॅनल सगळं उचकटून आतला सांगाडा बघायचा असेल तर तो बेस मेंटेनन्स, सी चेक किंवा सहा वर्षांचा, बारा वर्षांचा स्ट्रक्चरल चेक, आणि त्याला मोठा हँगर, मचाण, शेकडो माणसं आणि काही आठवडे लागतात. आपल्याकडे नागपूर, हैदराबाद, होसूर इथे हे होतं पण सगळ्यांना पुरेल एवढी जागा नाही, मोठ्या वाइडबॉडीला तर अजूनच कमी, शिवाय इंजिनांचं बरंचसं काम बरीच वर्षं बाहेरच. त्यात टॅक्सचं गणितही उलटं होतं, इथे एमआरओच्या (विमान दुरुस्ती कंपनीच्या) कामावर १८ टक्के जीएसटी होता तो १ एप्रिल २०२० पासून ५ टक्के झाला, पार्टच्या आयातीवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी तर जुलै २०२४ मध्ये आला. तर विमानं बाहेर जातात ती हौस म्हणून नाही, स्लॉट तिकडे मिळतो म्हणून.

पहिलं: सही कोणाची आणि जबाबदारी कोणाची

वाकडेवाडीला गाडी सर्व्हिसिंगला टाकली आणि ब्रेक नीट लागले नाहीत तर आपण सर्व्हिस सेंटरशी भांडतो, बरोबर? विमानात असं नाही. तुमच्या विमानाच्या शेपटीकडे व्हीटी लिहिलंय, म्हणजे ते भारतात रजिस्टर आहे, आणि १९४४ च्या शिकागो कराराच्या परिशिष्ट ८ प्रमाणे ते उडण्यालायक आहे की नाही ह्याची शेवटची जबाबदारी रजिस्ट्रेशनवाल्या देशाची, म्हणजे आपल्या डीजीसीएची (केंद्राचं विमान नियामक खातं). आणि डीजीसीएने ती कार-एम ह्या नियमाखाली ऑपरेटरवर आणि त्याच्या कॅमोवर टाकलेली आहे. हँगरवाला काम करतो, त्याचा सर्टिफाइंग माणूस सीआरएसवर, म्हणजे काम झालं, विमान सोडायला हरकत नाही ह्या सर्टिफिकेटवर, सही करतो, ती सही केलेल्या कामापुरती. कुठलं काम करायचं, कधी करायचं, कुठली एडी (रेग्युलेटरने सक्तीचं केलेलं काम) लागू आहे, जुनी दुरुस्ती अजून चालते का, हे सगळं तुमच्या ऑफिसचं. हँगरवाल्याला तुम्ही एखादं कार्ड (एकेका कामाचा कागद) दिलंच नाही तर तो ते करणार नाही आणि त्याचं काही चुकलेलंही नाही.

अमेरिकेत पण हेच आहे बरं का, एफएएच्या (तिथल्या विमान खात्याच्या) पार्ट १२१ नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय की काम दुसऱ्याला दिलं तरी विमानाच्या एअरवर्दीनेसची (उडण्यालायक असण्याची) मुख्य जबाबदारी एअरलाइनचीच. पण परदेशी शॉपसाठी तिथे नियम थोडे वेगळे आहेत, म्हणजे अमेरिकेतल्या रिपेअर स्टेशनचं सर्टिफिकेट संपत नाही, बाहेरच्याचं मात्र आधी १२ महिने आणि मग दर २४ महिन्यांनी रिन्यू करावं लागतं. आणि परदेशी मेकॅनिकची दारू आणि ड्रग टेस्ट करायची असं २०१२ च्या कायद्यात सांगितलं होतं त्याचा नियम निघायला डिसेंबर २०२४ उजाडला! दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या माणसांवर आपला नियम लावणं किती किचकट असतं ते ह्यावरून कळतं. युरोप आणि अमेरिकेने त्यावर वेगळाच रस्ता काढला, त्यांच्यातला करार मे २०११ पासून लागू आहे, तुमच्याकडच्या शॉपवर तुम्ही नजर ठेवा आमच्याकडच्यावर आम्ही ठेवतो, आणि दोघं एकमेकांचं मानून घेतात, अधूनमधून सॅम्पल बघून येतात.

दुसरं: अप्रूव्हलचा कागद, आणि तो शेवटच्या पानापर्यंत वाचायचा

नवीन माणूस काय करतो, हँगरच्या रिसेप्शनमध्ये भिंतीवर वीस फ्रेम लावलेल्या असतात, ईएएसए (युरोपचं विमान खातं), एफएए, कुठला कुठला देश, ते बघून खूश होतो. आपल्या कामाची फ्रेम एकच, डीजीसीएचं कार-१४५ अप्रूव्हल. व्हीटी विमानाचा बेस चेक करायचा तर ते पाहिजेच, ईएएसएचं कितीही भारी असलं तरी त्यावर भागत नाही. त्याला जोडलेलं स्कोपचं पान असतं, खरा माल तिथे आहे. रेटिंग चार प्रकारची: ए म्हणजे पूर्ण विमान, बी म्हणजे इंजिन आणि एपीयू (शेपटीतलं छोटं इंजिन), सी म्हणजे सुटे कंपोनंट, डी म्हणजे एनडीटीसारखी (पार्ट न तोडता आतली चीर शोधणं) स्पेशल कामं. ए रेटिंग आहे म्हणून थांबू नका, कुठल्या टाइपला आहे, त्यातही कुठल्या इंजिनवाल्या टाइपला, बेस का फक्त लाईन, आणि कुठल्या पत्त्यावर. एकाच कंपनीचे दोन हँगर असतात आणि अप्रूव्हल एकाच पत्त्याचं असतं, असं झालेलं मी स्वतः पाहिलंय, ऐनवेळी सांगतात की इकडे जागा नाही, पलीकडच्या हँगरमध्ये घेऊ. घेऊ नका.

टाइपचं महत्त्व कळायला एक अलीकडचं उदाहरण. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी सगळ्या ग्रुपवर फिरायला लागलं की ते तुर्कीच्या कंपनीने मेंटेन केलेलं होतं. माझ्या साडूंनी पण पाठवलं. पडलेलं विमान ७८७-८, आणि तुर्कीच्या कंपनीशी असलेला करार होता ७७७ विमानांचा, हे तुर्की सरकारने जाहीरपणे सांगितलं. अपघात का झाला तो तपास वेगळा, पण कोणी काय मेंटेन केलं हे ठरवायला पहिला प्रश्न कुठलं टाइप, कुठलं काम, कुठल्या कराराखाली. ग्रुपवर हा प्रश्न कोणी विचारत नाही, तुम्ही मात्र रोज विचारायचा.

आणि एक, देशाचं रँकिंग आणि हँगरचा दर्जा ह्यात गल्लत करू नका. एफएए देशांना कॅटेगरी १ (पास) आणि २ (कमी पडलं) देतं, ते त्या देशाच्या डीजीसीएसारख्या खात्याबद्दल असतं. आपण स्वतः जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१५ कॅटेगरी २ मध्ये होतो, म्हणून काय इथले सगळे मेकॅनिक वर्षभर वाईट झाले नव्हते.

तिसरं: काम खरं कोण करणार ते विचारा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि सगळ्यात कमी विचारलं जातं. करार एका कंपनीशी, काम करणारी माणसं दुसऱ्याच कंपनीने पुरवलेली, हे जगभर चालतं. त्यात बेकायदेशीर काही नाही पण साखळी लांबली की कोणाला कोणी शिकवलं हे हरवतं. ८ जानेवारी २००३, अमेरिकेत शार्लटला एअर मिडवेस्टचं छोटं विमान (बीच १९००) टेकऑफनंतर पडलं, २१ माणसं गेली. दोनच रात्री आधी मेंटेनन्स झाला होता. एअरलाइनने काम दिलं एका कंत्राटदाराला, त्याने मेकॅनिक घेतले तिसऱ्या कंपनीकडून. एलिव्हेटरच्या (विमानाचं नाक वर-खाली करणारं शेपटीचं पातं) केबलचा ताण लावायचा होता, त्या माणसाने ते काम त्या विमानावर आधी कधी केलेलंच नव्हतं, त्याने मॅन्युअलमधल्या काही पायऱ्या गाळल्या आणि जो त्याला शिकवत होता तोच इन्स्पेक्टर, त्यानेच त्या गाळायला हो म्हटलं आणि नंतर तपासून सहीही त्यानेच केली. एलिव्हेटर पूर्ण खाली जातंय का बघायची जी पायरी होती ती केली असती तर तिथेच कळलं असतं. विमानात वजन पण जास्त होतं, दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. आणि हे सगळं परदेशात नाही हां, त्यांच्या स्वतःच्याच देशात.

तर ऑडिटला गेलात की मॅनपॉवरचा तक्ता मागा, कायम किती आणि कंत्राटी किती, कंत्राटी माणसाला तुमच्या टाइपचं ट्रेनिंग कोणी दिलं. आणि ज्याने काम केलं आणि ज्याने स्वतंत्र तपासणी केली ती दोन नावं खरंच वेगळी आहेत का. फ्लाइट कंट्रोल, इंजिन कंट्रोल अशा कामांना ही दुसरी स्वतंत्र नजर सक्तीची असते. नावं वेगळी पण शिकवणारा आणि शिकणारा अशी जोडी असेल तर मी तरी ते स्वतंत्र धरत नाही.

चौथं: करार आणि प्री-इनपुट (विमान आत जायच्या आधीची) मीटिंग

इथे फार रमत नाही, वकील लोकांचं काम आहे. तुम्ही एवढंच बघा की कोण काय पुरवणार, सब-कॉन्ट्रॅक्ट कुठलं काम देऊ शकतात, डेटा कोणाचा (एएमएम म्हणजे मेंटेनन्स मॅन्युअल आणि एसआरएम म्हणजे सांगाड्याच्या दुरुस्तीचं मॅन्युअल, त्यांची कुठली रिव्हिजन ते तारखेसकट), मोठी दुरुस्ती निघाली तर कोणाला विचारायचं आणि तुम्हाला रात्री दोन वाजता हँगरमध्ये जायला पास आहे का. हसू नका, मला एकदा दिवसाचाच पास दिला होता.

पाचवं: ऑडिट म्हणजे चेकलिस्ट नव्हे

चेकलिस्ट सगळे भरतात. मी काय करतो, हँगरमध्ये उघडं असलेलं कुठलंही एक कार्ड उचलतो आणि त्याचाच माग काढतो. कार्डवर टॉर्क लिहिलाय, कुठल्या रेंचने लावला? रेंचचा नंबर कार्डवर आहे का? टूल स्टोअरमध्ये जाऊन तो रेंच बघा, कॅलिब्रेशनचा स्टिकर बघा, त्या तारखेला त्या नंबरचा रेंच खरंच त्या माणसाला दिला होता का ते इश्यू रजिस्टरला बघा. मग तो माणूस, त्याचं ऑथरायझेशन, त्यात हे काम येतं का. मग पार्ट, त्याचा फॉर्म. मग मॅन्युअलचं छापलेलं पान, रिव्हिजन ताजी आहे का कोणीतरी मागच्या वर्षीची झेरॉक्स खिशात घालून फिरतंय. एका कार्डला दीड दोन तास जातात. असे पाच सहा कार्ड झाले की त्या हँगरचा स्वभाव कळतो, दीडशे प्रश्नांच्या चेकलिस्टने जेवढा कळत नाही तेवढा.

आणि रात्री जा. दिवसा क्वालिटी मॅनेजर असतो, कॉफी असते, सगळे हेल्मेट नीट घालतात. १९९० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० फ्लाइटची कॉकपिटची पुढची काच हवेत उडाली, कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला आणि क्रूने पाय धरून ठेवल्यामुळे वाचला. ती काच उड्डाणाच्या सत्तावीस तास आधी, रात्रीच्या शिफ्टमध्ये बसवली होती, शिफ्ट मॅनेजरने स्वतः, जुना बोल्ट हातात धरून स्टोअरमधून डोळ्यांनी जुळवून बोल्ट आणले. ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक निघाले. मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं, माणसं कमी, वेळ पहाटेची, उजेड कमी आणि हात सवयीचे. म्हणून पहाटे तीनला स्टोअरच्या खिडकीशी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा, लोक पार्ट नंबर सांगून मागतात का बोल्ट दाखवून मागतात ते बघा.

सहावं: विमान आत गेलं, आता रोज काय

रोज सकाळची मीटिंग असते, त्यात किती कार्ड उघडी किती बंद असा आकडा सांगतात. आकडा लिहून घ्या पण वेळ घालवू नका. तुमचा वेळ फाइंडिंगवर, म्हणजे एनआरसीवर (उघडल्यावर नवीन निघालेल्या कामांच्या कार्डांवर) घाला. सुरुवातीच्या दिवसांत, पॅनल उघडल्यावर, एनआरसी धो धो यायला पाहिजेत. जुनं विमान आहे आणि उघडूनही फारसं काही निघत नाही असं झालं तर आनंद मानू नका, बघणारा नीट बघत नाहीये.

माझा एक किस्सा सांगतो, हँगर कुठला ते सांगत नाही. नॅरोबॉडी विमान, मागच्या गॅलीखालचे फ्लोअर पॅनल काढले होते. गॅली आणि टॉयलेटच्या खाली ओल असतेच, आपल्या फ्लाइटला तर सांडलेला चहा, ज्यूस, सगळंच झिरपतं आणि खालच्या सीट ट्रॅकला, बीमला गंज चढतो. एनआरसीवर लिहिलेलं, किरकोळ पृष्ठभागावरचा गंज, साफ केला, ट्रीटमेंट दिली, लिमिटमध्ये आहे. सही, स्टॅम्प, सगळं छान. आता लिमिटमध्ये आहे म्हणजे किती? गंज घासून काढल्यावर खड्डा किती खोल गेला, उरलेली जाडी किती, ह्याचा आकडाच कुठे नाही. आकड्याशिवाय लिमिट कसलं. मी त्यांच्या इन्स्पेक्टरला विचारलं, वयस्कर माणूस होता, वाद नाही घातला, एक मिनिट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला उद्या सकाळी मोजू. सकाळी डेप्थ गेज घेऊन आम्ही दोघं पालथे पडलो, टॉर्च माझ्या हातात. नऊ जागी मोजलं, सात ठीक, दोन जागी एसआरएमच्या लिमिटच्या बाहेर. म्हणजे तो तुकडा कापून नवीन बसवायचा, पार्ट बाहेरून येणार, विमान चार दिवस उशिरा.

मी इकडे फोन केला तर आमचे प्लॅनिंगचे साहेब म्हणाले, अरे तू तिकडे सही करायला गेलायस का पीएचडी करायला? पुणेरी माणूस, असाच बोलायचा. मग दहा मिनिटांनी परत फोन आला, दोन्ही रीडिंगचे फोटो पाठव म्हणाला, आणि स्लॉट पुढे ढकलला. त्याचं मला आजही कौतुक वाटतं, कारण उशिराचा पैसा त्याच्या नावावर लागला होता. तर शिका एवढंच, कार्डवर विशेषण दिसलं, किरकोळ, हलका, ठीक, की आकडा मागा. आणि मागताना ओरडून नाही, त्या इन्स्पेक्टरला मी सगळ्यांसमोर विचारलं असतं तर त्याने मोजलंच नसतं कदाचित.

दुरुस्ती असेल तर ड्रॉइंगशी ताडून बघा, झाकायच्या आधी. जपान एअरलाइन्सच्या १२३ नंबरच्या फ्लाइटचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, १९७८ ला ओसाकाला शेपटी घासली, मागच्या प्रेशर बल्कहेडची (केबिनमधली हवा धरून ठेवणारी भिंत) दुरुस्ती बनवणाऱ्या कंपनीच्याच माणसांनी केली, सलग एक जोडपट्टी लावायची होती तिच्याऐवजी कापून दोन तुकडे लावले, वरून झाकल्यावर दिसत नव्हतं. सात वर्षं विमान उडालं आणि १२ ऑगस्ट १९८५ ला ५२० माणसं गेली. करणारा कोण आहे ह्याने फरक पडत नाही, बनवणारी कंपनी असली तरी डोळ्यांनी बघायचं.

सातवं: पार्ट

नाना पेठेत स्पेअर घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, ओरिजिनल देऊ का लोकल? निदान विचारतो तरी. विमानात कोणी विचारत नाही, सगळे कागद ओरिजिनलसारखेच दिसतात. सुट्या पार्टबरोबर रिलीज सर्टिफिकेट येतं, आपला सीए फॉर्म १, युरोपचा ईएएसए फॉर्म १, अमेरिकेचा ८१३०-३. नवीन पोरं फॉर्म आहे का एवढं बघतात. फॉर्मवरचा पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि हातातल्या पार्टवर कोरलेला नंबर एकच आहे का बघा, नवीन लिहिलंय का दुरुस्त केलेला, आणि पार्ट तसा दिसतोय का.

हे शेवटचं फार कामाचं. २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स नावाच्या व्यापाऱ्याने सीएफएम५६ इंजिनांचे पार्ट खोट्या कागदांवर विकल्याचं उघड झालं, जगभरच्या एअरलाइनना इंजिनं उघडून पार्ट काढावे लागले. पकडलं कोणी? रेग्युलेटरने नाही, पोर्तुगालच्या टॅप एअरलाइनच्या शॉपमधल्या माणसांनी. कागदावर पार्ट नवीन होता आणि हातात घेतला तर वापरलेला वाटला, त्यांनी ज्याच्या नावाचा कागद होता त्या साफ्रानला (इंजिन बनवणारी कंपनी) विचारलं, ते म्हणाले हा कागद आमचा नाही. शंका आली की कागद ज्याने दिला असं लिहिलंय त्यालाच विचारायचं, विकणाऱ्याला नाही. एक मेल लागते. लाइफ लिमिटेड (ठरलेलं आयुष्य संपलं की काढायचाच असा) पार्ट असेल तर जन्मापासूनचा इतिहास पाहिजे, कुठल्या विमानावर किती सायकल (एक उड्डाण म्हणजे एक), मधलं एक वर्ष जरी गायब असेल तर तो पार्ट माझ्या लेखी भंगार.

आठवं: धुणं, रंग आणि चिकटपट्टी

इंजिन, लँडिंग गिअर म्हटलं की सगळे सावध असतात. विमान धुवायचं, रंगवायचं म्हटलं की प्रतिनिधी हॉटेलवर झोपायला जातात. ऑक्टोबर १९९६, लिमाहून निघालेलं एरोपेरूचं ७५७ समुद्रात पडलं, ७० माणसं. विमान साफ करताना स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब मोजायची भोकं) चिकटपट्टी लावली होती ती काढायची राहिली, हवेत उंची आणि वेग दोन्ही भलतंच दिसायला लागलं, रात्रीची वेळ, खाली समुद्र.

आणि दुसरं २७ नोव्हेंबर २००८ चं. एअर न्यूझीलंडचं ए३२०, जर्मन कंपनीला भाड्याने दिलेलं, परत घेताना फ्रान्समध्ये पर्पिन्यांला रंगवलं. रंगवायच्या आधी धूळ काढायला नुसतं पाणी मारून धुतलं, अँगल ऑफ अटॅकचे (पंखावर हवा कुठल्या कोनातून येते ते मोजणारे) सेन्सर झाकले नाहीत, आत पाणी गेलं, वर गेल्यावर गोठलं आणि दोन सेन्सर एकाच जागी अडकले. चाचणीच्या उड्डाणात कमी उंचीवर वेग कमी करून बघायला गेले आणि विमान समुद्रात. सात जण होते, त्यात तीन इंजिनिअर आणि न्यूझीलंडच्या विमान खात्याचा एक माणूस. म्हणजे आपल्यासारखीच माणसं, परदेशात विमान ताब्यात घ्यायला गेलेली. मी हे वाचल्यापासून पेंट हँगरमध्ये स्वतः जातो, झाकायच्या आधी कुठे काय झाकलं त्याची यादी आणि मोजून संख्या लिहितो, आणि काढल्यावर तेवढीच झाकणं, तेवढ्याच पट्ट्या टेबलावर मोजून घेतो. पट्टी भडक रंगाची असावी, पांढऱ्या विमानावर पांढरी पट्टी लावू देऊ नका.

नववं: शेवटचे तीन दिवस

चुका कधी होतात असं विचारलं तर माझं उत्तर हेच, शेवटचे तीन दिवस. पुढचं विमान दारात उभं असतं, इकडे ऑपरेशनवाले तुम्हाला दर तासाला फोन करतात की शनिवारच्या फ्लाइट विकल्यात, एका दिवसात शंभर दीडशे कार्ड बंद होतात, दोन आठवडे पडून असलेली. तिथे बसून बघा, एकच माणूस एकाच वेळी शेपटीत आणि नाकात सही करतोय का. वेळ लिहिलेली असते कार्डवर, जुळवून बघा. मी एकदा असं पकडलंय, त्याने काम खरंच केलं होतं, फक्त सह्या एकदम बसून केल्या. तरी मी ती कामं परत उघडून बघायला लावली, शिव्या खाल्ल्या.

पॅनल बंद करायच्या आधी आत डोकावा, टॉर्च मारून. हत्यारांचा बोर्ड बघा, एकही जागा रिकामी नको. कागदांमध्ये आपल्याला डर्टी फिंगरप्रिंट प्रत पाहिजे, म्हणजे काळ्या हाताच्या डागांसकट मेकॅनिकने सही केलेली मूळ प्रत, नंतर टाइप केलेला गोंडस गोषवारा नाही. पुढे ढकललेली कामं वेगळ्या यादीत घ्या, प्रत्येकापुढे कारण आणि शेवटची तारीख. मग त्यांचा सी कॅटेगरी लायसनवाला सीआरएसवर सही करेल, बी१ (मेकॅनिकल) आणि बी२ (इलेक्ट्रॉनिक) लायसनवाल्यांच्या सह्या आधी झालेल्या पाहिजेत. तुम्ही त्या सीआरएसवर सही करत नाही, तुम्ही विमान स्वीकारता, ह्या दोन गोष्टी वेगळ्या, आणि स्वीकारायला नाही म्हणता येतं. नाही म्हणायचं असेल तर फोनवर नाही, मेलवर, कार्ड नंबर घालून, दोन ओळीत.

घरी आल्यावर

विमान लाईनवर आलं की पहिले दहा बारा दिवस त्याचं टेकलॉग (तक्रारींची वही) रोज बघा. जिथे हात लागला होता तिथलीच तक्रार आली, म्हणजे केबिन उचकटली होती आणि आता सीटचे दिवे लागत नाहीत, तर ती हँगरच्या खात्यावर मांडा. एका विमानावरून काही कळत नाही, त्याच हँगरमधून आलेली चार पाच विमानं एकाखाली एक लावली की कुठल्या झोनमध्ये त्यांचा हात कच्चा आहे ते दिसतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही नेमके तिथेच जाऊन उभे राहता.

रिपोर्ट दोन दिवसांत लिहा, आठवड्याने लिहिलात तर सगळं ठीक होतं असंच लिहाल. फाइंडिंग पाठवलं की हँगरकडून उत्तर येतं, त्यात रूट कॉजचा रकाना असतो, आणि दहातल्या आठ वेळा तिथे लिहिलेलं असतं, मेकॅनिकला समज देण्यात आली. ते परत पाठवा. त्या मेकॅनिकला त्या रात्री मॅन्युअल मिळत होतं का, उजेड होता का, कितवी शिफ्ट होती, ते विचारा, आणि दुसऱ्यांदाही समज देण्यात आली असंच आलं तर तिसऱ्यांदा परत पाठवा, मी एक तर पाच वेळा पाठवलंय, पाचव्या वेळी कळलं की त्या शिफ्टला टूल स्टोअरची किल्लीच कोणाकडे नसायची.